मुदतीचे पुस्तक : अमिरातीतील विद्यापीठ ग्रंथालये आणि मर्यादित वापराची डिजिटल पाठ्यपुस्तके

नोकरी सांभाळून पदवी घेण्याची सोय संयुक्त अरब अमिरातीत आता मुबलक आहे. वोलोन्गाँग विद्यापीठ दुबईत १९९३ पासून आहे, बिट्स पिलानी आणि मणिपाल २००० पासून, हेरियट-वॉट २००५ पासून. बर्मिंगहॅम २०१८ मध्ये आले आणि पुण्याच्या सिम्बायोसिसची शाखा २०२४ मध्ये सुरू झाली. शारजाचे अमेरिकन विद्यापीठ १९९७ चे. अबू धाबीत सोरबोन २००६ मध्ये, तर न्यूयॉर्क विद्यापीठ २०१० मध्ये उघडले. या सर्वांच्या वाचनयाद्यांतली पुस्तके फळीवर कमी आणि पडद्यावर अधिक भेटू लागली आहेत.

पंधरा वर्षे नोकरी करून पुन्हा विद्यार्थी झालेला माणूस शुल्काचा, वेळापत्रकाचा आणि घरच्या जबाबदाऱ्यांचा हिशेब आधीच मांडतो. पुस्तकांचा मात्र मांडत नाही, कारण ती ग्रंथालयातून मिळतील असे त्याला प्रवेशाच्या वेळी सांगितलेले असते. ते खोटेही नसते. सूचीत पुस्तकाच्या नावासमोर ‘ऑनलाइन उपलब्ध’ असे स्पष्ट दिसते. पण परीक्षेच्या आठवड्यात, मुले झोपल्यावर रात्री अकराला दुवा उघडावा, तर ‘प्रत वापरात आहे, नंतर प्रयत्न करा’ असा निरोप येतो. चाळीस-पन्नास जणांचा वर्ग आणि एका वेळी एकालाच उघडणारे पुस्तक, असा हा व्यवहार असतो. त्यात ना बिघाड असतो ना ग्रंथपालाची हयगय. पुस्तक ज्या अटींवर घेतले, त्या अटींप्रमाणेच ते वागत असते.

राखीव टेबलापासून परवान्यापर्यंत

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत शिकलेल्या पिढीला राखीव पुस्तकांची रीत ठाऊक आहे. मागणी मोठी आणि प्रती मोजक्या असल्या, की ग्रंथपाल ती पुस्तके देवघेवीतून काढून टेबलामागे ठेवीत. ओळखपत्र जमा करून तास-दोन तास वाचनकक्षात ती वाचायला मिळत. काही महाविद्यालयांत ‘बुक बँक’ असे. उरलेले काम फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात भागे. मर्यादित वापराचे डिजिटल पुस्तक हे त्या राखीव टेबलाचेच वंशज आहे. फरक मालकीचा आहे. टेबलामागचे पुस्तक ग्रंथालयाने विकत घेतलेले असे, आणि एकदा विकलेल्या छापील प्रतीवर प्रकाशकाचा ताबा राहत नाही. ती शंभर जणांना द्यावी की कुलपात ठेवावी, हे ग्रंथालय ठरवी. डिजिटल पुस्तकाच्या बाबतीत ग्रंथालयाला बहुधा वापरण्याचा परवाना मिळतो, आणि कोणी, किती जणांनी, किती काळ आणि किती पाने वापरायची, हे त्या परवान्यात लिहिलेले असते.

प्रोक्वेस्टच्या ईबुक सेंट्रलवर किंवा एब्स्कोच्या संग्रहात एकच पुस्तक एक-वाचक, तीन-वाचक किंवा अमर्याद-वाचक अशा वेगवेगळ्या परवान्यांवर विकले जाते आणि किंमत त्याप्रमाणे चढते. आणखी एका प्रकारात वाचकसंख्येवर बंधन नसते, पण वर्षभरात ते पुस्तक एकूण किती दिवस वापरले जाणार याचा साठा ठरलेला असतो. तो संपला की पुढचे वर्ष उजाडेपर्यंत पुस्तक बंद. ग्रंथालयाचा पैसा मर्यादित असल्याने वाचनयादीतली पूरक पुस्तके अनेकदा एक-वाचक परवान्यावरच घेतली जातात. मुख्य पाठ्यपुस्तकांची अडचण वेगळी आहे. पदवी अभ्यासक्रमांची जाडजूड, दर दोन-तीन वर्षांनी नवी आवृत्ती निघणारी पुस्तके अनेक मोठे प्रकाशक ग्रंथालयांना डिजिटल रूपात विकतच नाहीत. ती थेट विद्यार्थ्याला, सांकेतिक क्रमांक देऊन, सत्रापुरती विकली जातात. अशा पुस्तकासाठी ग्रंथपालाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्याच्या हातात तेथे विकत घेण्याजोगे काहीच नसते.

सूचीतल्या ‘ऑनलाइन’ या शब्दाखाली आणखी दोन गोष्टी येतात. एक म्हणजे प्राध्यापकाच्या मागणीवरून स्कॅन करून अभ्यासक्रमाच्या पानावर ठेवलेले एखादे प्रकरण. ते फक्त त्या वर्गाला आणि बहुधा त्या सत्रापुरतेच दिसते. ब्रिटनमधील विद्यापीठे हे स्कॅन तेथील कॉपीराइट लायसन्सिंग एजन्सीच्या परवान्याखाली करतात. त्यात साधारणपणे एक प्रकरण किंवा पुस्तकाचा दहा टक्के भाग एवढी मुभा असते. परदेशी शाखेतले विद्यार्थी त्यात धरले आहेत की नाहीत, हे त्या विद्यापीठाने घेतलेल्या परवान्यावर अवलंबून असते. त्यामुळे मूळ परिसरातल्या विद्यार्थ्याला दिसणारे प्रकरण दुबईतल्या विद्यार्थ्याला दिसू नये, असेही घडू शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे ग्रंथालयाने स्वतःच्या छापील प्रतीचे स्कॅन करून, कागदी प्रत बाजूला ठेवून, तेवढ्याच जणांना एका वेळी डिजिटल प्रत देणे. नियंत्रित डिजिटल देवघेव म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत अमेरिकेत इंटरनेट आर्काइव्हने मोठ्या प्रमाणावर चालवली. मार्च २०२० मध्ये महासाथीच्या काळात तिने रांगेचे बंधनही उठवले. जूनमध्ये चार प्रकाशक न्यायालयात गेले. मार्च २०२३ मध्ये निकाल प्रकाशकांच्या बाजूने लागला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. पाच लाखांहून अधिक पुस्तके त्या देवघेवीतून काढावी लागली. ज्यांच्या जुन्या टाचणांत त्या संग्रहाचे दुवे आहेत, त्यांना ते आता उघडताना दिसत नाहीत, त्याचे कारण बहुधा हे असते.

परवान्यावरचे पुस्तक अचानक नाहीसेही होऊ शकते. ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस, पाश्चात्त्य विद्यापीठांचे सत्र सुरू होत असताना, वायली या प्रकाशनसंस्थेने ग्रंथालयांच्या एकत्रित संग्रहातून तेराशेहून अधिक पुस्तके काढून घेतली. प्राध्यापकांनी याद्या छापून झाल्या होत्या. ओरड झाल्यावर ती पुस्तके जून २०२३ पर्यंत परत ठेवण्यात आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रोक्वेस्टची मालक कंपनी क्लॅरिव्हेट हिने ग्रंथालयांना डिजिटल पुस्तके कायमची विकणे बंद करून वर्गणीकडे वळण्याचे जाहीर केले. विरोधानंतर मुदत पुढे ढकलली गेली, दिशा मात्र कायम राहिली. ज्या पुस्तकावर प्रबंध उभा आहे, ते पुढच्या सत्रात तेथेच असेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

कायदा कोणता लागतो

अमिरातीचा प्रताधिकार कायदा म्हणजे २०२१ चा संघीय हुकूमनामा क्रमांक ३८. तो २ जानेवारी २०२२ पासून लागू झाला आणि २००२ च्या सातव्या क्रमांकाच्या कायद्याची जागा त्याने घेतली. त्यातल्या बाविसाव्या कलमात लेखकाच्या परवानगीविना करता येण्याजोग्या गोष्टी दिल्या आहेत. वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठी एक प्रत काढणे त्यात येते. नफ्यासाठी न चालणाऱ्या ग्रंथालयाने जतनासाठी, किंवा अभ्यास-संशोधनासाठी मागणाऱ्या व्यक्तीसाठी अटींसह प्रत काढणेही त्यात बसते. म्हणजे एखाद्या प्रकरणाची प्रत ग्रंथालयाकडे रीतसर मागणे ही कृपेची याचना नव्हे, कायद्याने मोकळी ठेवलेली वाट आहे. तिचा उपयोग फार थोडे विद्यार्थी करतात.

मात्र कायद्यावर कराराचा थर असतो. विद्यापीठाने वितरकाशी केलेल्या करारात ‘अधिकृत वाचक’ कोण आणि ‘परिसर’ कोणता याची व्याख्या असते. भारतातल्या मूळ विद्यापीठाने घेतलेली वर्गणी करारात नाव असल्याशिवाय दुबईच्या शाखेला लागू होत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी ‘ग्रंथालय जागतिक दर्जाचे आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘मूळ परिसरातली सर्व डिजिटल साधने या शाखेतल्या अर्धवेळ विद्यार्थ्यांना घरून वापरता येतात का’ असे विचारलेले बरे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक माहितीपत्रकात होकारार्थीच असते.

भारतातून आलेल्या विद्यार्थ्याच्या मनात आणखी एक समजूत घट्ट असते : अभ्यासासाठी झेरॉक्स काढायला कोणाची हरकत असणार? तिला आधार आहे, पण तो भारतीय कायद्याचा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर आणि विद्यापीठावर २०१२ मध्ये दावा लावला. वाचनयादीप्रमाणे पुस्तकांतली प्रकरणे एकत्र बांधून विकण्यावर त्यांचा आक्षेप होता. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. १९५७ च्या कायद्यातील ५२ (१) (झ) या, अध्यापनाच्या ओघात होणाऱ्या प्रतींच्या सवलतीचा आधार त्यामागे होता. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने, काही मुद्द्यांचा पुन्हा विचार करण्यास सांगूनही, ही सवलत उद्दिष्टाला आवश्यक तेवढ्या प्रतींना लागू असल्याचे मान्य केले, आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. भारतीय विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा मोठा निकाल होता. तो मुंबईहून निघालेल्या विमानात बसून दुबईला मात्र येत नाही. अमिरातीत काढलेली प्रत अमिरातीच्या कायद्याने तपासली जाते.

उलट दिशेचा एक नमुनाही गमतीचा आहे. भारतात प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, अमिरातीत ५०. आचार्य अत्रे १९६९ मध्ये निवर्तले. त्यांचे लेखन भारतात २०२९ अखेरपर्यंत संरक्षित आहे. अमिरातीच्या मुदतीने मात्र ते २०१९ अखेरीस मोकळे झाले. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला याचा उपयोग नाही. पण स्कॅन केलेले एकच पुस्तक एका देशात उघडते आणि दुसऱ्यात उघडत नाही ते का, हे यावरून कळते. अमेरिकी ग्रंथालयांचा हाथीट्रस्ट हा संग्रह वाचक कोणत्या देशातून आला आहे हे पाहूनच काही पुस्तके पूर्ण दाखवतो आणि काहींत फक्त शोध घेऊ देतो.

घरून, रात्री, एकाच प्रतीवर

पहिला नियम दाराचा. शोधयंत्रातून थेट प्रकाशकाच्या पानावर गेले की पैसे मागितले जातात. तेच पुस्तक ग्रंथालयाच्या सूचीतून, विद्यापीठाचे नाव आणि परवलीचा शब्द देऊन उघडले की मोफत मिळते. ईझीप्रॉक्सी किंवा ओपनअथेन्स या यंत्रणा मधल्यामध्ये वाचकाची ओळख पटवून देतात. जतन करायचा तो सूचीतला कायमचा दुवा. पडद्यावरचा लांबलचक पत्ता दुसऱ्या दिवशी निरुपयोगी ठरतो.

काही विद्यापीठे यासाठी स्वतःचे व्हीपीएन देतात आणि अमिरातीत व्हीपीएन हा शब्द ऐकताच लोक बिचकतात. येथील कायदा व्हीपीएन वापरण्यालाच गुन्हा मानत नाही. खोटा आयपी पत्ता वापरून गुन्हा करणे किंवा तो लपवणे यासाठी पाच लाख ते वीस लाख दिरहॅम दंडाची आणि कारावासाची तरतूद २०२१ च्या सायबर गुन्हेविषयक कायद्यात आहे. कंपन्या, बँका आणि संस्थांना आपल्या अंतर्गत जाळ्यासाठी व्हीपीएन वापरता येते, हे दूरसंचार नियामकाने २०१६ मध्येच स्पष्ट केले होते. विद्यापीठाने दिलेले व्हीपीएन विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी वापरणे त्यात बसते. देश बदलून दाखवणारे एखादे फुकटचे ॲप लावून दुसऱ्या प्रदेशापुरते पुस्तक उघडणे ही वेगळी गोष्ट झाली, आणि त्यात कराराचा भंगही होतो.

पुस्तक उघडल्यावर बहुतेक ठिकाणी तीन पर्याय दिसतात : पडद्यावर वाचणे, प्रकरणाची पीडीएफ घेणे, आणि पूर्ण पुस्तक ठराविक दिवसांसाठी उतरवून घेणे. यांतला तिसरा पर्याय सर्वांत मोहक आणि वर्गाला सर्वांत महाग. एक-वाचक पुस्तक एकाने सात दिवसांसाठी उतरवून घेतले की इतरांना ते तितके दिवस बंद राहते, मग त्याने ते उघडो वा न उघडो. उतरवलेली फाइल अडोबी डिजिटल एडिशन्ससारख्या वाचकयंत्रात उघडते आणि मुदत संपताच आपोआप मिटते. काम आधी झाले तर ती मुदतीपूर्वी परत करता येते. ते बटण फार थोड्यांना ठाऊक असते. पडद्यावर वाचणाऱ्याने काही काळ हालचाल केली नाही की प्रत सुटते, मात्र ब्राउझरचा कप्पा नुसता उघडा ठेवून जेवायला गेलेला वाचक तोवर ती अडवून धरतो. तेव्हा शहाणपणाचा मार्ग म्हणजे सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत, पुस्तके मोकळी असतानाच, लागणारी प्रकरणे परवानगीच्या मर्यादेत पीडीएफ रूपात घेऊन ठेवणे. छपाईची आणि नक्कल करण्याची पानमर्यादा पुस्तकाच्या तपशील-पानावर दिलेली असते. स्प्रिंगरसारख्या काही प्रकाशकांची पुस्तके या कुलपाविना मिळतात. प्रकरणे उतरवता येतात आणि रांगही नसते. दोन पुस्तकांपैकी एक निवडण्याची मोकळीक असेल, तर हा निकष उपयोगी पडतो.

नकाराचा निरोप आला तरी प्रयत्न वाया जात नाही. पुस्तक किती वेळा मागितले आणि किती वेळा नाकारले गेले याची नोंद वितरकाकडून ग्रंथालयाला मिळते, आणि एक-वाचक परवाना तीन-वाचक करण्याचा निर्णय घेताना ग्रंथपाल तीच पाहतात. त्याच्या जोडीला विषयाच्या ग्रंथपालाला दोन ओळींचा ईमेल गेला, वर्गसंख्या आणि परीक्षेची तारीख त्यात असली, तर काम लवकर होते. पत्र प्राध्यापकाकडून गेले तर आणखी लवकर. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा रंगनाथन यांच्या १९३१ च्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी एक आहे, आणि ग्रंथपाल तो विसरलेले नसतात. वाचक मागायला विसरतात. आंतरग्रंथालयीन देवघेवीतून दुसऱ्या विद्यापीठातले प्रकरण मागवता येते, फक्त त्याला दिवस लागतात. रमजानमध्ये ग्रंथालयांच्या वेळा बदलतात, हेही परीक्षेचे नियोजन करताना धरावे.

टेलिग्रामवरच्या पुस्तकाची किंमत

एवढी खटपट कशाला, वर्गाच्या समूहावर अख्खे पुस्तक फिरतेच आहे, असे म्हणणारा एक जण प्रत्येक तुकडीत असतो. भारतात या सवयीकडे कानाडोळा होतो. अमिरातीत प्रताधिकारभंग हा कारावास आणि दंडाचा विषय आहे. परदेशी नोकरदाराचा निवासी परवाना नोकरीला बांधलेला असतो, तेव्हा पोलिसांत नोंद होणे हे दंडाच्या रकमेपुरते राहत नाही. शंभर-दोनशे दिरहॅमच्या पुस्तकासाठी पणाला लावायची ही वस्तू नव्हे.

ग्रंथालयाच्या दारातून आत जाऊन केलेला अतिरेकही अंगाशी येतो. एखादे पुस्तक किंवा नियतकालिकाचे खंड सॉफ्टवेअर लावून एका झपाट्यात उतरवले, तर वितरकाची यंत्रणा ते टिपते आणि चौकशी होईपर्यंत अख्ख्या विद्यापीठाचा प्रवेश रोखू शकते. नोंदीत नाव सापडते. आपला परवलीचा शब्द कंपनीतल्या सहकाऱ्याला ‘फक्त एका रात्रीपुरता’ देणाराही त्याच नोंदीत सापडतो. हा शब्द मागणारे बहुधा जवळचे मित्रच असतात, म्हणून नकार देणे अवघड जाते.

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांची स्थिती कायद्याने वेगळी आहे, आणि चांगल्या अर्थाने. मराकेश करारानुसार त्यांच्यासाठी पुस्तकाची वाचनसुलभ प्रत परवानगीविना बनवता येते आणि सदस्य देशांत पाठवताही येते. हा करार मंजूर करणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. त्याच वर्षी अमिरातही त्यात सामील झाली, आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून तो अमलात आहे. पडदावाचक यंत्राला न जुमानणारे कुलूपबंद पुस्तक पुढे आले, तर विद्यापीठाच्या साहाय्य कक्षाकडे पर्यायी प्रत हक्काने मागावी.

भारतातून काय मिळते

‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेबद्दल परदेशस्थांत बराच गैरसमज आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची ही योजना मंजूर केली. ती सुमारे १३,००० संशोधन-नियतकालिकांची आहे, पाठ्यपुस्तकांची नव्हे, आणि भारतातल्या सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांसाठी आहे. दुबईत बसलेल्या भारतीय पारपत्रधारकाला केवळ पारपत्रावर ती उघडत नाही.

खुले आहे ते वेगळ्या ठिकाणी. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे ई-ज्ञानकोश हे भांडार कोणालाही, कोठूनही वाचता येते. लेखाशास्त्र, संख्याशास्त्र, लोकप्रशासन यांची त्यातली पुस्तिका-मालिका दुरस्थ विद्यार्थ्यासाठीच लिहिलेली असल्याने नोकरदाराला सोयीची पडते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पुस्तके मराठीत आहेत. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय हे मुख्यतः सूची आहे. सापडलेली वस्तू खुली की बंद, हे मूळ मालकावर अवलंबून. या पुस्तकांनी वाचनयादीतले पुस्तक बदलता येत नाही. पण रांगेत थांबलेली रात्र मोकळी जात नाही, आणि संकल्पना मराठीतून वाचून मग इंग्रजी प्रकरणाला हात घालणे अनेकांना सोपे जाते.

छापील प्रतीकडेही पाठ फिरवू नये. दुबईच्या अल जद्दाफ भागात जून २०२२ मध्ये उघडलेले मोहम्मद बिन रशीद ग्रंथालय विद्यापीठाचे नसले, तरी अभ्यासाला बसण्यासाठी आणि संदर्भासाठी उत्तम आहे. विद्यापीठाच्या स्वतःच्या राखीव टेबलावर त्याच पुस्तकाची कागदी प्रत अनेकदा धूळ खात पडलेली असते, कारण सगळा वर्ग पडद्यावरच्या एकमेव प्रतीसाठी रांगेत असतो.

पदवी मिळाल्यावर हा प्रवेश बंद होतो. किती दिवसांनी, हे विद्यापीठागणिक बदलते. कोठे निकालाबरोबर, कोठे पदवीदानानंतर थोड्या काळाने. माजी विद्यार्थ्यांना मिळणारे साहित्य बहुधा काही नियतकालिकांपुरते असते, पाठ्यपुस्तके त्यात क्वचितच येतात. पुस्तकावर पडद्यावरच केलेल्या खुणा आणि टाचणे खात्याबरोबर जातात. ती बाहेर काढून घेण्याची सोय बहुतेक वाचकयंत्रांत असते, आणि तिचा उपयोग शेवटच्या परीक्षेच्या आधी करावा लागतो. नंतर खाते उघडत नाही.